ल्योंची रचना, मुंबईचा टाका

१९८७ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरात दानिएल दार्जां या स्त्रीरोगतज्ज्ञाने एक शस्त्रक्रिया केली. सुटं सुटं पाहिलं तर तिच्यात नवं फारसं काही नव्हतं. योनिमार्गाने आत शिरण्याची वाट व्हिएन्नाची, ऐंशीहून अधिक वर्षं जुनी. त्या वाटेला लसिकाग्रंथी काढण्याची जोड द्यायची ही कल्पना कलकत्त्यात येऊन गेलेली. शेवटचा टाका मुंबईचा. दार्जांनी या जुन्या गोष्टी अशा क्रमाने आणि अशा मापाने जुळवल्या, की ज्या आजारात तरुण बाईला ‘पिशवी काढावी लागेल’ एवढं एकच वाक्य ऐकावं लागायचं, त्यात गर्भाशयमुख गेलं तरी गर्भाशय राहू लागला. १९९४ मध्ये त्यांनी ही पद्धत छापून मांडली. रॅडिकल ट्रॅकेलेक्टमी हे तिचं नाव.

चांगली शस्त्रक्रिया रचना म्हणून वाचता येते, असं माझं मत आहे. क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचं जीवित मानलं. जे जिथे जेवढं शोभतं, ते तिथे तेवढंच. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला हा निकष लावणं जरा धाडसाचं आहे, कारण तिथे दीर्घकाळ ‘जास्त काढा’ हाच सद्गुण समजला गेला. म्हणूनच दार्जांची रचना सावकाश वाचावीशी वाटते. ती कमी काढते, आणि कमी का काढायचं हे तिला नेमकं ठाऊक आहे.

आधी रोगाकडे पाहू, कारण या रचनेचं सगळं शहाणपण रोगाच्या स्वभावात दडलेलं आहे. गर्भाशयमुखाशी दोन प्रकारच्या पेशींची सीमा असते. बाहेरच्या बाजूला योनीसारखं चपट्या पेशींचं अनेक थरांचं आवरण, आतल्या नळीत श्लेष्मा स्रवणाऱ्या उभट पेशींचा एकच थर. ही सीमा एका जागी राहत नाही. वयात येताना आणि गरोदरपणात ती बाहेर सरकते, पुढे वयाबरोबर आत जाते, आणि तिच्या येण्याजाण्याच्या पट्ट्यात उभट पेशींच्या जागी चपट्या पेशी येत राहतात. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूपासून होणारा कर्करोग बहुतेक वेळा याच अरुंद पट्ट्यात सुरू होतो. १९८३ मध्ये हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने या विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगात शोधून काढला, पुढच्याच वर्षी १८ क्रमांकाचा. २००८ च्या नोबेलचे ते एक मानकरी झाले ते याच कामामुळे.

बहुसंख्य स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात टिकतो, त्यांतल्या काहींच्या पेशींत त्याचा डीएनए पेशीच्या डीएनएमध्ये घुसतो, आणि घुसताना बहुधा विषाणूचं ई२ हे जनुक तुटतं. ई२ म्हणजे विषाणूचा स्वतःचा लगाम. तो गेला की ई६ आणि ई७ ही दोन प्रथिनं बेसुमार तयार होऊ लागतात. ई७ पेशीतल्या आरबी प्रथिनाला धरून ठेवतं, त्यामुळे विभाजनावरची बंदी उठते. ई६ पी५३ चा नाश घडवून आणतं, त्यामुळे बिघडलेल्या पेशीला थांबवणारं किंवा मरायला लावणारं कोणी उरत नाही. इथून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जातो. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखातल्या गाठीतून, त्यांना न विचारता, घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. त्यांत १८ क्रमांकाचा विषाणू आहे. त्या पेशींमध्ये ई२ परत घातलं आणि ई६-ई७ बंद पाडली, तर दशकानुदशकं न थांबलेल्या त्या पेशी विभाजन सोडून म्हाताऱ्या होतात. एवढा माजलेला रोग, आणि त्याचं सगळं बळ दोन परक्या प्रथिनांवर टेकलेलं. कर्करोगाच्या जीवशास्त्रात याच्याइतकी थक्क करणारी गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

सर्जनच्या कामाची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती म्हणजे दिशा. हा रोग सुरुवातीला आडवा पसरतो: गर्भाशयमुखाच्या दोन्ही अंगांना असलेल्या पॅरामेट्रियम या मऊ ऊतीत, तिथल्या लसिकावाहिन्यांतून कटिपोकळीतल्या ग्रंथींमध्ये, आणि खाली योनीच्या वरच्या भागात. वर, गर्भाशयाच्या मुख्य पिशवीकडे, तो लवकरच्या अवस्थेत क्वचित चढतो. म्हणजे इतकी वर्षं पिशवी काढली गेली ती बऱ्याच अंशी तिथे रोग असे म्हणून नव्हे; खालचं आणि बाजूचं नीट काढायचं तर वरचंही सोबत उचलणं सर्जनच्या हाताला सोपं होतं. दार्जांनी हे वाचलं. त्यांच्याआधी बुखारेस्टच्या युजेन आबुरेल यांनीही वाचलं होतं, आणि पोटातून तसा प्रयत्न केला होता. पण त्यातून मुलं काही झाली नाहीत आणि तो मागे पडला. कल्पना सुचणं आणि तिला साजेसा घाट सापडणं, यांत तीन-चार दशकांचं अंतर पडलं.

घाट व्हिएन्नाहून आला. एर्न्स्ट वर्टहाइम यांनी १८९८ मध्ये पोट उघडून गर्भाशय, पॅरामेट्रियम आणि ग्रंथी काढण्याची आपली मोठी शस्त्रक्रिया सुरू केली. ज्यांच्या हाताखाली ते तयार झाले त्या फ्रिडरिश शाउटांनी १९०१ मध्ये तेच काम खालून, योनिमार्गाने केलं. गुरुशिष्यांत यावरून चांगलंच वाजलं. प्रतिजैविकं नव्हती, रक्त चढवण्याची सोय धड नव्हती, तेव्हा पोट उघडलेल्या कितीतरी बाया टेबलावरून किंवा खाटेवरून परतत नसत. शाउटांच्या वाटेने त्याहून कमी दगावत. पण त्यांच्या वाटेने ग्रंथींपर्यंत हात पोहोचत नव्हता. पुढे भूल, रक्त आणि पेनिसिलिन आल्यावर बोस्टनच्या ज्यो मीग्ज यांनी पोटातल्या शस्त्रक्रियेचं पुनरुज्जीवन केलं आणि शाउटांची वाट जवळजवळ ओस पडली. कलकत्त्याच्या सुबोध मित्रांनी ती सोडली नाही. चित्तरंजन कर्करोग रुग्णालयात त्यांनी खालून शाउटा आणि ग्रंथींसाठी पोटाच्या पडद्याबाहेरून वेगळे छेद, अशी सांगड घातली. शाउटा-मित्र शस्त्रक्रिया म्हणून ती युरोपातही ओळखली गेली. दार्जांनी त्या वेगळ्या छेदांच्या जागी दुर्बीण आणली. आपल्याकडे ज्याला सरसकट दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणतात, त्यात कर्करोगाच्या ग्रंथी काढणाऱ्या पहिल्या काही सर्जनांपैकी ते एक.

आता शस्त्रक्रिया ओळीने वाचू.

ग्रंथी आधी तपासल्या जातात. त्यांत रोग सापडला तर पुढचं सगळं रद्द. मग केमो आणि किरणोपचार. ज्या रचनेत स्वतःला मोडण्याची सोय सुरुवातीलाच असते, तिच्याविषयी मला विश्वास वाटतो.

मग सर्जन खाली येतो. गर्भाशयमुखाच्या खाली योनीची सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरची कड गोलाकार कापतात, ती गर्भाशयमुखावर ओढून घेतात आणि चिमट्यांच्या रांगेने बंद करतात. गाठ झाकली जाते. पुढच्या सगळ्या ओढाताणीत ती उघडी पडत नाही. ही शाउटांच्या परंपरेतली जुनी सवय. कित्येक वर्षं तिच्याकडे पकड मिळवण्याची सोय म्हणूनच पाहिलं गेलं असावं. २०१८ मध्ये एलएसीसी नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीने सगळ्यांना धक्का दिला: या कर्करोगात गर्भाशय दुर्बिणीने काढला तर रोग परतण्याचं प्रमाण पोट उघडून काढण्यापेक्षा जास्त निघालं. साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्या स्त्रिया पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के, दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के. कारणांची चर्चा सुरू झाली तेव्हा गाठ पोटात उघडी पडणं आणि तिला आतून ढवळणारं उपकरण यांच्याकडे बोट गेलं. त्या चर्चेनंतर शाउटांची ती कड मला पुन्हा वाचावीशी वाटली. ती चाचणी ट्रॅकेलेक्टमीची नव्हती, त्यामुळे तिच्यावरून फार काही सिद्ध होत नाही. पण जुन्या कारागिराच्या एखाद्या सवयीत त्याच्या स्पष्टीकरणापेक्षा जास्त अर्थ असू शकतो.

यानंतरचा भाग सर्वांत कठीण, आणि माझ्या लेखी सर्वांत देखणा. मूत्राशय वर सारला की त्याच्या दोन्ही खांबांत मूत्रवाहिनी सापडवायची असते. वरून पोटातून पाहणाऱ्याला ती जशी दिसते तशी इथे दिसत नाही. गर्भाशय खाली ओढल्यामुळे तीही खाली येते आणि गुडघ्यासारखं वळण घेऊन पुन्हा वर जाते. ती आधी बोटाला कळते, मग डोळ्याला. बोट आणि मागची धातूची पट्टी यांच्यामध्ये ती दाबली गेली की टचकन निसटते. ज्यांनी ही वाट शिकली त्यांचं सगळं शिक्षण त्या निसटण्याच्या जाणिवेत आहे. ही खूण न कळलेल्या सर्जनने या वाटेला जाऊ नये.

मूत्रवाहिनी बाजूला झाली की गर्भाशयाची रक्तवाहिनी समोर येते. वर्टहाइमच्या शस्त्रक्रियेत ती मुळाशी बांधतात. इथे फक्त खाली गर्भाशयमुखाकडे उतरणारी फांदी बांधायची. वर जाणारी कमान तशीच. रचनेचा तोल या एका बारीक निर्णयावर आहे, कारण पुढे नऊ महिने जे पोसायचं ते याच कमानीने.

मग कापायचं. गर्भाशयमुख आणि पिशवी जिथे एकमेकांना भेटतात त्याच्या साधारण एक सेंटीमीटर खाली. कापलेला तुकडा फ्रोझन सेक्शनसाठी, म्हणजे गोठवून लगेच तपासण्यासाठी, जातो आणि टेबलाभोवतीचे लोक थांबतात. गाठीच्या वर आठ-दहा मिलिमीटर निरोगी ऊती हवी असते. नसेल तर आणखी एक चकती, आणि तरीही नसेल तर पिशवी काढायची. बाईने भुलीआधी या शक्यतेच्या कागदावर सही केलेली असते. माझ्या मते या शस्त्रक्रियेतला खरा समीक्षक तो सूक्ष्मदर्शकापाशी बसलेला पॅथॉलॉजिस्ट. त्याच्या एका फोनवर सगळं ठरतं, आणि गौरवलेखांत त्याचं नाव येत नाही.

आणि टाका. उरलेल्या एवढ्याशा कडेभोवती न विरघळणारा धागा फिरवून गाठ मागच्या बाजूला, मूत्राशयापासून दूर मारतात. नंतर योनीची कड त्या कडेला शिवतात. संपलं.

या टाक्यापाशी मराठी वाचकाने जरा थांबावं. विठ्ठल नागेश शिरोडकर १८९९ साली गोव्यातल्या शिरोड्यात जन्मले, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले आणि तिथेच शिकवू लागले. चौथ्या-पाचव्या महिन्यात, कळा न येता, पुन्हापुन्हा गर्भ पडणाऱ्या बायका त्यांच्याकडे येत. इतर सगळी कारणं वगळल्यावर त्यांना दिसलं की दोष आतल्या तोंडाच्या सैलपणात आहे. १९५५ मध्ये मद्रासहून निघणाऱ्या ‘द अँटिसेप्टिक’ या नियतकालिकात त्यांनी आपली पद्धत मांडली: मूत्राशय वर सारायचा, आतल्या तोंडाच्या पातळीपर्यंत पोहोचायचं आणि तिथे रुग्णाच्याच मांडीतून काढलेली फॅशियाची पट्टी आवळायची. दोन वर्षांनी मेलबर्नच्या मॅकडॉनल्ड यांनी सोपा टाका सुचवला, तो पटकन पसरला. पण उंचीवर, आतल्या तोंडाशी, टाका घालण्याची दृष्टी शिरोडकरांची. ‘पिशवीला टाका घातलाय’ हे आज आपल्या घरांत सहज बोललं जातं.

आणि तो टाका सुटा नव्हता. अंग बाहेर येण्याचा त्रास आपल्याकडे ऐन विशीतल्या बायकांनाही व्हायचा; कष्ट, लागोपाठची आणि नीट न झालेली बाळंतपणं. त्यावर विलायतेहून आलेली मँचेस्टर शस्त्रक्रिया गर्भाशयमुखाचा काही भाग कापत असे, आणि मग गर्भ राहणं किंवा टिकणं अवघड होई. शिरोडकरांनी ती अशी बदलली की गर्भाशयमुख कापावंच लागू नये. पोटातून गर्भाशय पट्टीने उचलून धरण्याचीही त्यांची शस्त्रक्रिया आहे. त्याच जातीची सर्जन पुरंदऱ्यांच्या नावाचीही. मुंबईच्या या शाळेचा हट्ट एकच दिसतो: बाईला अजून मूल हवंय, हे शस्त्रक्रियेने पहिल्या छेदापासून लक्षात ठेवायचं.

इथे दार्जांच्या रचनेतला विरोधाभास मला फार आवडतो. शिरोडकर जे गर्भाशयमुख वाचवायला धडपडले, ते इथे जवळजवळ पूर्ण काढलं जातं, आणि नसलेल्या गर्भाशयमुखाचं काम त्यांच्या टाक्याच्या वंशजाला सांगितलं जातं. टाका ते काम अर्धंच करू शकतो, आणि रचनेचा कच्चा दुवा हाच. गर्भाशयमुख गर्भाचं वजन पेलतंच, शिवाय त्याच्या नळीतला श्लेष्म्याचा घट्ट बोळा खालच्या जंतूंना वर येऊ देत नाही. धागा वजन पेलतो. जंतू अडवणं त्याला जमत नाही. म्हणून या गरोदरपणात पाणमोट वेळेआधी फुटण्याचं आणि मूल अपुऱ्या दिवसांचं होण्याचं भय मोठं असतं. गर्भ राहिलेल्यांपैकी साधारण दोन तृतीयांश स्त्रियांच्या हाती जिवंत मूल येतं, आणि ते सिझेरियननेच. काहींना उरलेलं तोंड आखडून पाळी अडकण्याचा त्रास होतो. २ सेंटीमीटरपर्यंतच्या गाठीत रोग परतण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी नोंदलं गेलंय, म्हणजे मोठ्या शस्त्रक्रियेच्या तोडीचं. मात्र दोन्हींची चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना कधी झालेली नाही. कोणत्या बाईला आपण पिशवी काढा म्हणून चिठ्ठी काढायला सांगणार?

१९९७ मध्ये लंडन आणि बुडापेस्टच्या सर्जननी याच शस्त्रक्रियेचा पोट उघडून करायचा पाठ प्रसिद्ध केला. वर्टहाइमच्या परंपरेत वाढलेल्या कोणालाही तो शिकता येतो, हा त्याचा मोठाच गुण. पण त्यात रक्तवाहिनीची ती कमान पुष्कळदा बळी पडते आणि गर्भाशय बीजकोशाकडून येणाऱ्या रक्तावर जगतो. जगतो हे खरं. मला तो पाठ भाष्यासारखा वाटतो, मूळ संहितेसारखा नव्हे.

महाराष्ट्रात ही शस्त्रक्रिया किती जणींच्या वाट्याला येते, हा प्रश्न सौंदर्याचा नाही, पण टाळताही येत नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि जवळपास ऐंशी हजार मरतात. बहुसंख्य येतात तेव्हा रोग पॅरामेट्रियममध्ये शिरलेला असतो आणि सर्जनचा प्रांत संपलेला असतो. लवकर पकडता येतो हे आपल्याच जिल्ह्यांनी दाखवलंय. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने, तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजार स्त्रियांवर झालेली चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. विषाणूची फक्त एकदा तपासणी केलेल्या गटात मृत्यू निम्म्यावर आले होते. आणि त्याच मराठवाड्यातल्या बीडमध्ये, २०१९ च्या सरकारी पाहणीत, सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. पुष्कळींना ‘नाहीतर कॅन्सर होईल’ अशी भीती घातली गेली होती. एका बाजूला रोग असूनही पिशवी राखण्याची ही कलाकुसर, दुसऱ्या बाजूला रोग नसताना ती काढणं. औचित्य हा शब्द इथे काव्यशास्त्रात राहत नाही.

दार्जां २००५ मध्ये गेले. त्यांच्या रचनेचं पुढचं वाचन आता चालू आहे, आणि ते तिच्या सर्वांत देखण्या भागावरच आलंय. टोरांटोच्या अ‍ॅलन कोव्हन्स यांनी २००२ मध्येच दाखवलं होतं, की गाठ लहान, खोली कमी आणि ग्रंथी स्वच्छ असतील तर पॅरामेट्रियममध्ये रोग सापडण्याची शक्यता एक टक्काही नसते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेप चाचणीत, ७०० स्त्रियांत, पॅरामेट्रियम राखून साधा गर्भाशय काढला तरी तीन वर्षांत कटिपोकळीत रोग परतण्याचं प्रमाण २.५२ टक्के, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर २.१७. फरक नगण्य. तिच्या प्रमुख संशोधक मारी प्लांट या क्युबेकच्या, आयुष्यभर दार्जांचीच शस्त्रक्रिया करत आणि शिकवत आलेल्या. २०२१ च्या कॉनसर्व्ह अभ्यासात तर निवडक स्त्रियांत नुसता शंकूच्या आकाराचा तुकडा काढून आणि ग्रंथी तपासून भागलं. म्हणजे अशा गाठींसाठी बोटाला कळणारी मूत्रवाहिनी, ते निसटणं, ती राखलेली कमान, यांतलं काहीच लागणार नाही. रसिक म्हणून मला हळहळ वाटते. बाईच्या बाजूने पाहिलं तर हे उत्तमच आहे.

२ ते ४ सेंटीमीटरच्या गाठींचा प्रश्न उरतो. त्यांच्यासाठी प्लांट यांच्याच पुढाकाराने कॉन्टेसा चाचणी आखली गेली: आधी केमोने गाठ लहान करायची आणि मगच राखणारी शस्त्रक्रिया. इथे मी साशंक आहे. दार्जांची रचना उभी राहिली ती रोग कुठे जातो आणि कुठे जात नाही हे वाचून. औषधाने गाठ आक्रसली म्हणजे तिच्या कडेने आधीच बाहेर पडलेल्या पेशीही मेल्या, असं धरून चालणं मला घाईचं वाटतं. चाचणीने मला खोटं ठरवलं तर टाका घालायला अजून पुष्कळ पिशव्या मिळतील.